भिंतीला पडलेले भोक

किल्ल्याच्या तटाला खिंडार पडले की बखरकार लेखणी सरसावतो. किती तोफा लागल्या, खिंडारात कोण उभा राहिला, कोण पडला, हे सारे तो सविस्तर लिहितो. परंतु घराच्या भिंतीला पडलेल्या भोकाची नोंद कोणा बखरकाराने घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. कारण उघड आहे. खिंडार एका दिवसात पडते व सर्वांना दिसते. भोक वर्षभर पडत असते, आणि ज्याच्या भिंतीला ते पडते त्याच्याखेरीज इतरांना ते दिसत नाही. पुष्कळदा त्यालाही दिसत नाही. तथापि माणसाचे आयुष्य तटाआड फार थोडे आणि घराच्या भिंतीआड फार मोठे जाते. तेव्हा ह्या क्षुद्र विषयावर चार पाने खर्ची घालण्याची मुभा वाचक मला देतील, अशी आशा आहे.

मी राहतो त्या यवतमाळ जिल्ह्यात शहरे सिमेंटची झाली असली, तरी खेड्यांतून मातीच्या भिंती अजून पुष्कळ आहेत. त्यांच्या ढोबळ मानाने दोन जाती. एक निव्वळ मातीची, हात-दीड हात जाड, उन्हाळ्यात आत शिरताच अंग निवविणारी. दुसरी कुडाची. बांबूच्या कामट्या, तुराट्या किंवा पऱ्हाट्या उभ्या-आडव्या विणावयाच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपावयाच्या, म्हणजे कूड तयार झाला. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी ह्या तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना पोड म्हणतात. बांबूच्या कामात कोलामांचा हात धरणारे थोडेच. त्यांच्या पोडावरील कुडाची भिंत म्हणजे, लिंपण्यापूर्वी पाहिली तर, एक मोठी टोपलीच उभी करून ठेवली आहे असे वाटते.

अशा भिंतीला भोक पाडणारे उमेदवार अनेक. पहिला मान घरधन्याचा. कंदील टांगावयास, दोरी बांधावयास, देवाची तसबीर लावावयास तो खुंटी ठोकतो. खुंटी कालांतराने हलते, निघते, आणि मागे भोक राहते. त्यानंतर उंदीर; त्याला पायापासून भिंतीच्या पोटापर्यंत कोठेही मज्जाव नाही. कुंभारमाशी आपले घरटे बांधण्यासाठी जवळची ओली माती उचलते, तर दुसरी एखादी गुणगुणणारी बया भिंतच पोखरून आत संसार थाटते. उधई आतल्या आत कामट्या खाते आणि वर मातीचा पापुद्रा तसाच राखते. बोट लावावे तो बोट आत जाते. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाची झड सतत आपटते. बुडाशी लोणा लागतो व माती पिठासारखी झडू लागते. एवढे सारे शत्रू असताना मातीची भिंत उभी राहते कशी, हाच खरा प्रश्न आहे. उत्तर असे, की ती स्वतःच्या बळावर उभी राहतच नाही. तिला वरचेवर कोणीतरी पाहते आणि लिंपते, म्हणून ती उभी राहते.

लिंपण्याच्या मातीचेही एक शास्त्र आहे, आणि ते आपल्या भाषेत फार पूर्वीच नोंदले गेले आहे. गावाच्या जमिनीचे आपण दोन भाग करतो: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाचे शिवार. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. आमच्या ह्या कपाशीच्या मुलखात काळीचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिला हात आत जाईल अशा भेगा पडतात. पिकाला ती आई आहे, पण भिंतीला सावत्र आई. तिने लिंपलेले भोक वाळता वाळताच तडकते. पांढरी माती शांत स्वभावाची. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, जुन्या भिंतींचा चुरा, गोठ्यातील कचरा कुजून ती झालेली असते. खेड्यातील जुन्या पडक्या गढीची माती लोक धाब्यावर आणि भिंतीला घालण्यासाठी मुद्दाम आणीत, ती ह्याच गुणासाठी. म्हणजे आजची भिंत कालच्या भिंतीनेच लिंपली जाते.

हॅम्लेट शिकविताना मला ह्याची नेहमी आठवण होते. स्मशानातील प्रवेशात त्या राजपुत्राच्या मनात येते, की जग हलविणारा सीझर मरून माती झाला, आणि आज कदाचित कोणाच्या भिंतीचे भोक बुजवून वारा अडवीत असेल. इंग्रज टीकाकार येथे वैभवाच्या क्षणभंगुरतेवर गंभीर होतात. आमच्या वर्गात एकदा बाभूळगावकडच्या एका विद्यार्थ्याने हात वर केला आणि म्हणाला, “सर, नुसता सीझर टिकायचा नाही. त्यात कुटार घालावं लागेल.” वर्ग हसला. पण त्या मुलाने टीकाकारांना न सुचलेली गोष्ट सांगितली होती. मातीत भुसा, गव्हांडा वा कुटार मिसळले नाही तर वाळताना ती आकसते व कडेपासून सुटते. कुटाराच्या बारीक काड्या तिला आतून धरून ठेवतात. सम्राटाच्या मातीलाही हाच नियम.

ही विद्या मी पाहिली ती एका वृद्ध बाईजवळ. जुन्या वाड्यांच्या भिंती लिंपण्याचे काम त्या रोजाने करीत. सारे त्यांना मावशी म्हणत, मीही म्हणे. त्यांची पहिली कृती पाहून कोणीही बुचकळ्यात पडावे. बोट शिरेल एवढे भोक बुजवावयास त्या बसल्या, की आधी विळ्याच्या टोकाने ते चांगले लिंबाएवढे कोरून काढीत. मी विचारले, “मावशी, बुजवायचं सोडून वाढवता कशाला?” त्या म्हणाल्या, “भोक बुजवाच्या आंधी मोठं करा लागते, भाऊ. बारीक भोकात माती बसत नाई, नुसती वरून चिकटते.” सुटलेली, मेलेली माती सारी काढून टाकावयाची, मग कडा पाण्याने भिजवावयाच्या. न भिजवल्यास काय होते, हेही त्यांच्याच शब्दांत सांगतो: “वाळल्या कडेले ओली माती लावली तं ते तिचं पानी पिऊन घेते.” नंतर दोन-तीन दिवस भिजत घातलेला गारा, पायाने तुडवून लोण्यासारखा झालेला, मुठीने आत दाबावयाचा; पण भोक एकदम भरून काढावयाचे नाही. पहिला थर थोडा खोल ठेवून वाळू द्यावयाचा, त्याला ज्या भेगा पडावयाच्या त्या पडू द्यावयाच्या, आणि मग दुसरा थर त्या भेगांसकट झाकावयाचा. शेवटी शेण व पांढरी माती ह्यांचा पातळ हात. दुसऱ्या दिवशी ती जागा दाखवा म्हटले तर खुद्द मावशींनाही बोटाने चाचपावी लागे.

उंदराचे बीळ असेल तर मात्र त्या तेवढ्यावर थांबत नसत. काचेचा चुरा नाहीतर काटेरी फांदीचे तुकडे गाऱ्यात मिसळून आत ठोकीत आणि मगच लिंपीत. भोक कोणी पाडले हे ओळखल्यावाचून त्यांनी एकही भोक बुजविलेले मी पाहिले नाही. उधईचे असेल तर आतल्या कामट्या बदलावयाच्या, झडीचे असेल तर पावसाळ्यापूर्वी बाहेरून तुराट्यांचा ताटवा बांधावयाचा, लोण्याचे असेल तर पाणी कोठून येते ते पाहावयाचे. नागपंचमीच्या दिवशी भिंतीवर नाग काढून पूजा होई. त्या दिवशी खणणे, नांगरणे वर्ज्य म्हणून मावशीही विळ्याला हात लावीत नसत. दुसऱ्या दिवशी मात्र नागोबा ज्या बिळातून घरात येण्याची शक्यता, ते बीळ त्या भक्तिभावानेच पण पक्के बुजवीत.

सिमेंट घरोघर आले तेव्हा ह्या खटपटीतून सुटल्याचे समाधान पुष्कळांना वाटले. मातीच्या भिंतीला भोक पडले, की घमेलेभर सिमेंट कालवून थापीने मारून मोकळे व्हावे. माझ्या माहितीतील एका गृहस्थांनी आपल्या जुन्या घराच्या बुडाशी पडलेली भोके अशीच बुजविली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ती ठिगळे एकेक करून गळून पडली. नुसती पडली नाहीत. भोवतालची माती घेऊन पडली. मुठीएवढे होते ते परातीएवढे झाले. ह्यात सिमेंटचा दोष नाही. मातीची भिंत जमिनीतील ओल शोषून घेते आणि उघड्या अंगाने हळूहळू बाहेर टाकते. दिवसाच्या उन्हाबरोबर ती किंचित पसरते, आकसते. सिमेंट तसे करीत नाही. त्याच्या आड ओल कोंडते, मातीचा चिखल होतो, आणि कठीण ठिगळ नरम भिंतीपासून सुटते. ठिगळ भिंतीहून बळकट असून चालत नाही. ते भिंतीच्या जातीचे असावे लागते.

हा नियम आमच्या मातीपुरताच असेल अशी माझी समजूत होती. ती दूर केली माझ्या पुतण्याने. तो अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. तेथील पुष्कळशी घरे लाकडी सांगाड्याची, आणि बाहेरून त्यांना व्हिनाईल नावाच्या प्लास्टिकच्या लांबट पट्ट्या एकीत एक अडकवून बसविलेल्या असतात. एका उन्हाळ्यात गवत कापण्याच्या यंत्राने उडविलेला खडा त्याच्या भिंतीवर बसला आणि सुपारीएवढे भोक पडले. दूरध्वनीच्या पडद्यावर त्याने मला ते दाखविले. मी सहज म्हटले, “अरे, एवढंसं तर आहे.” तो म्हणाला, “काका, एवढ्यातूनच पाणी मागच्या लाकडात शिरतं, आणि गांधीलमाश्या घर करतात.” सातासमुद्रांपलीकडेही आमचीच माशी गेली आहे हे ऐकून मला गंमत वाटली. त्याने ते भोक बुजविले त्याची रीत अशी: कडा स्वच्छ करावयाच्या, त्याच रंगाचे रबरासारखे लुकण आत भरावयाचे, आणि सुकल्यावर वरचा उंचवटा पात्याने कापून भिंतीशी सपाट करावयाचा. भोक मोठे असते तर त्याच जातीच्या पट्टीचा तुकडा लावावा लागला असता. परंतु उन्हाने जुन्या पट्टीचा रंग फिकटलेला. नवा तुकडा उठून दिसतो. म्हणून जाणते लोक घराच्या मागील, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या बाजूची जुनी पट्टी काढून पुढे लावतात आणि नवी मागे बसवितात. भिंत भिंतीनेच दुरुस्त करावयाची, हे गढीच्या मातीचेच तत्त्व नव्हे काय?

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटली. त्या पट्ट्यांच्या खालच्या कडेला कारखान्यातूनच बारीक भोके पाडलेली असतात. पट्ट्यांच्या मागे गेलेले पावसाचे पाणी त्यांतून निथळून जाते. नवशिका घरमालक उत्साहाच्या भरात तीही बुजवून टाकतो, आणि मग आतले लाकूड कुजते. म्हणजे बुजविण्याच्या विद्येचा अर्धा भाग, काय बुजवू नये हे ओळखण्यात आहे. आमच्या घरांतही झरोका होता, चुलीवरचे धुराडे होते, आढ्याखाली चिमणीपुरती जागा मोकळी सोडलेली असे. मावशींचा हात तेथे कधी गेला नाही.

येथवर वाचकांना वाटले असेल, की प्रोफेसरमहाशय जुन्या वस्तूंच्या प्रेमात पडले आहेत. तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. भिंतीच्या भोकाचा प्रश्न आमच्या विदर्भात सौंदर्याचा नाही. मुलांच्या जिवाचा आहे.

नागपूरजवळ चांदीपुरा नावाची वस्ती आहे. १९६५ साली तेथील तापाच्या दोन रोग्यांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना एक नवा विषाणू सापडला. त्याला त्या वस्तीचेच नाव मिळाले. पुढे बरीच वर्षे तो ग्रंथांतच राहिला. मग २००३ साली आंध्र प्रदेशात लहान मुलांत मेंदूज्वराची भयंकर साथ आली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांपैकी १८३ दगावली, आणि शोध घेता हाच विषाणू हाती लागला. २००७ साली आमच्या शेजारच्या नागपूर विभागात मुलांना त्याने गाठले. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत मेंदूज्वराची मोठी साथ आली, तेव्हा पुष्कळ रोग्यांत तो निश्चितपणे आढळला. रोगाची चाल विलक्षण जलद असते. सकाळी ताप, दुपारी झटके, रात्री शुद्ध हरपलेली. एक-दोन दिवसांत सारे संपू शकते. त्यावर लस नाही, खास औषधही नाही.

हा विषाणू पसरविते ती वाळूमाशी. डासाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी, केसाळ, मातकट रंगाची. तिची भरारी दुबळी. ती उड्या मारल्यासारखी थोडे थोडे अंतर तोडते. दिवसभर ती अंधाऱ्या, दमट जागी दडून बसते आणि रात्री चावावयास बाहेर पडते. ती दडते कोठे? भिंतीच्या भेगांत आणि भोकांत. आरोग्यखाते साथीच्या दिवसांत जी सूचना देते तीत औषधाच्या फवारणीबरोबरच भिंतीच्या फटी व भोके लिंपून घेण्याचे कलम असते. मावशी उंदीर आणि साप डोळ्यांपुढे ठेवून भोक बुजवीत. वाळूमाशीचे नावही त्यांनी ऐकले नव्हते. परंतु त्यांनी लिंपलेल्या माजघरात निजलेल्या पोरांच्या उशाशी एक वैरीण कमी होती.

मातीच्या भिंतीचे हे दुखणे केवळ आमचे नाही. १९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस शागास ह्या डॉक्टराने एका रोगाचा उलगडा केला; त्याला आज त्याचेच नाव आहे. गरिबांच्या मातीच्या झोपड्यांत, भिंतीच्या फटींतून राहणारा एक ढेकणाच्या जातीचा किडा तो रोग पसरवितो. बिहारात काळा आजार पसरविणारी माशी आमच्या वाळूमाशीच्या कुळातलीच. तेथे माती आणि चुना ह्यांच्या गिलाव्याने भिंतीच्या फटी बुजवून त्या माशीला आळा घालण्याचा प्रयोग झाला व १९९५ साली तो प्रसिद्ध झाला. चुना मातीचा शत्रू नव्हे; तो ओल कोंडत नाही. वणीजवळच्या राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या आमच्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहेत. माती पायाखाली, चुना तालुक्यात. उणीव कशाची असेल तर ती त्या दोहोंना एकत्र आणणाऱ्या हाताची.

ते हात कोठे गेले, हे मला काही वर्षांपूर्वी केळापूर तालुक्यातील एका पोडावर कळले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही हिवाळ्यात तेथे गेलो होतो. आरोग्याची माहिती देता देता विद्यार्थी घरोघर हिंडत होते. एका घराची कुडाची भिंत जागोजागी उघडी पडली होती. कामट्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. आत एक तान्हे मूल झोळीत निजले होते. शेजारची दोन घरे मात्र स्वच्छ लिंपलेली. मी घरच्या बाईंना विचारले, “ताई, यंदा लिंपलं नाही वाटतं?” त्या म्हणाल्या, “घरकुलाच्या यादीत नाव हाय, सर. आता ह्या भितीले कशाले लिपाचं?” आणि थोडे थांबून, हळू आवाजात, “लिपून चांगली दिसली तं म्हनतीन, तुमचं घर बरं हाय.”

ह्या उत्तराने मी निरुत्तर झालो. त्या बाईंची भीती खरी होती की खोटी, हे मी सांगू शकत नाही. पण ती भीती होती. यादीत नाव येऊन किती दिवस झाले असे विचारता, दोन पावसाळे झाल्याचे त्यांनी सांगितले. म्हणजे जे घर उद्या येणार त्याच्या आशेने आजच्या घराची देखभाल दोन वर्षे थांबली होती. मूल मात्र आजच्या घरात निजत होते. वाळूमाशीला यादी समजत नाही.

पक्क्या घराची आशा करू नये असे कोण म्हणेल? मातीच्या भिंतींचे गोडवे गाणारे आम्ही पुरुष. त्या लिंपल्या बायकांनी. चिखल तुडविला त्यांनी, शेण गोळा केले त्यांनी, दसऱ्याच्या आधी कंबर मोडेतो राबल्या त्याच. आता गोठ्यात गुरे कमी, म्हणून शेण कमी. सोयाबीनच्या काढणीला आणि कापसाच्या वेचणीला रोजाने जावे लागते, म्हणून वेळ कमी. सिमेंटच्या चार भिंती मिळाल्या तर त्या बाईंच्या पाठीवरचा एक भार उतरेल, आणि तो उतरलाच पाहिजे. १९८५ नंतर सरकारी घरकुलांच्या ज्या योजना आल्या त्यांनी पुष्कळांना छप्पर दिले आहे; २०२३ साली सुरू झालेल्या जनमन योजनेत कोलामांसारख्या जमातींसाठी घरामागे दोन लाख रुपयांची तरतूद आहे. ही घरे लवकर व्हावीत हीच माझी इच्छा. माझे म्हणणे एवढेच आहे, की कच्चे घर सोडणे आणि पक्क्या घरात जाणे ह्यांच्या मध्ये जो काळ असतो, तोही जगावयाचा असतो. आणि त्या काळाचे भोक बुजविणारी योजना कोणाच्याच कागदावर नाही. ती घमेलेभर मातीची आणि एका दुपारच्या श्रमाची आहे.

त्या दिवशी आम्ही काय केले ते सांगतो. बाईंची संमती घेऊन विद्यार्थ्यांनी ती भिंत लिंपावयास घेतली. बाहेरून नाही, फक्त आतून. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला घर होते तसेच दिसावे. ही तोड बाईंनीच सुचविली. मुलांनी उत्साहाने आणलेली शेतातली काळी माती मारेगावकडच्या एका विद्यार्थिनीने परत पाठविली आणि पडक्या घराच्या जोत्याची माती मागविली. तिला हे घरी शिकवावे लागले नव्हते. ती आजीच्या मागे हिंडताना शिकली होती. तिच्या हाताखाली पदवीच्या वर्गातील नऊ धट्टेकट्टे तरुण चिखल तुडवीत होते. कामट्यांच्या मागे उधईची वाट सापडली, तेव्हा बाईंचे सासरे उठले, बांबू चिरून चार नव्या कामट्या त्यांनी एवढ्या चलाखीने विणल्या, की मुले काम थांबवून पाहत राहिली. पहिला थर घालून आम्ही शिबिराच्या तंबूत परतलो; दुसरा थर तिसऱ्या दिवशी घातला.

पक्क्या घरात गेल्यावर तरी हे सारे संपेल का? मला तसे वाटत नाही. आमच्या काळीचा स्वभाव सिमेंटसाठी बदलत नाही. पाया पुरेसा खोल नसेल तर पावसात फुगणारी व उन्हात आकसणारी ती जमीन नव्या भिंतीलाही खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग पाडते. नळ आत घ्यावयाला, विजेची तार न्यावयाला पाडलेली भोके कडेने मोकळीच राहतात. अशा भेगेविषयी जाणत्या अभियंत्यांची एक साधी रीत मला फार आवडली. ते भेग लगेच बुजवीत नाहीत. तिच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने आडवी खूण करतात, शेजारी तारीख लिहितात आणि वाट पाहतात. काही महिन्यांनी भेग खुणेच्या पुढे गेली तर ती जिवंत; तिला घट्ट सिमेंट चालावयाचे नाही, लवचिक लुकण हवे, आणि मुख्य म्हणजे पायाकडे पाहावयास हवे. पुढे गेली नाही, तर मग ती खुशाल बुजवावी. मावशींनी तारीख लिहिली नसती, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. परंतु भोक कोणी पाडले हे आधी विचारावयाचे, ही रीत तीच.

कच्चे आणि पक्के हे शब्द आपण भिंतीच्या द्रव्यावरून ठरवितो. शिरगणतीच्या कागदावर त्याला इलाज नाही. तथापि शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला जाऊन आलेल्या माणसाला ह्या शब्दांचा थोडा पुनर्विचार करावासा वाटेल. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले. आज बापूकुटी म्हणून दाखवितात ती मूळची मीराबेनची कुटी; भिंती मातीच्या, वर कवेलू. मीराबेननी भिंतीवर मातीनेच उठावाची चित्रे काढली आहेत. विदर्भाचे ऊन आणि झड सोसून ती भिंत अजून उभी आहे. ती जपणारी माणसे तिला दरवर्षी पाहतात, आणि जेथे माती सुटली तेथे मातीच लावतात. राष्ट्राचे वैभव म्हणून ह्या भिंतीला जे मिळते ते पोडावरच्या भिंतीलाही मिळावे, एवढे मागणे फार नाही. त्याला पैसा लागत नाही. पाहणारा डोळा आणि घमेले उचलणारा हात लागतो, आणि तो हात नेहमी बाईचाच असावा असाही काही नियम नाही.

लिंपण्यास हिवाळा चांगला. माती बेताने वाळते, तडकत नाही. कापसाच्या दोन वेच्यांच्या मध्ये एखादी मोकळी दुपार सापडते. आणि वाळूमाशीचा जोराचा हंगाम, पावसाळा, अजून दूर असतो. आमच्या महाविद्यालयाचे शिबिर दरवर्षी त्याच सुमारास निघते. शिबिराच्या सामानाच्या यादीत फलक, पताका, ध्वनिक्षेपक ह्यांच्याबरोबर पाच घमेली, दोन विळे आणि चुन्याची एक गोणी मी आता नियमाने लिहून देतो.